मोगऱ्याच्या फुलातील सुगंधी घटकांचे रासायनिक विश्लेषण: कळी खुडण्यापासून अहवालापर्यंत

मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलू लागते आणि त्यानंतरच्या काही तासांत तिचा वास सर्वांत दाट असतो. ही कळी दुपारी खुडून लगेच तपासली, तर जीसी-एमएसच्या, म्हणजे मिश्रणातले घटक लांब बारीक नळीत (कॉलममध्ये) वेगळे करून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर मोजकीच आणि ठेंगणी शिखरे दिसतात; एक शिखर म्हणजे सहसा एक घटक. तिचा देठ पाण्यात ठेवून ती उमलल्यावर तपासली, तर आलेख शिखरांनी भरून जातो. झाड तेच, यंत्र तेच, कॉलमही तोच. बदलते ती फक्त वेळ. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचे बहुतेक लक्ष यंत्राच्या सेटिंगकडे असते, पण माझ्या अनुभवाने सांगायचे तर या कामातल्या चुकांचा मोठा वाटा नमुना यंत्रात शिरण्याआधीच घडून गेलेला असतो. म्हणूनच या लेखात नमुन्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे: समोर दिसणारे हे शिखर खरोखर फुलातूनच आले आहे का?

उदाहरणासाठी मोगरा, म्हणजे जास्मिनम सॅम्बॅक, घेतला आहे. पद्धत मात्र वास असलेल्या कोणत्याही फुलाला थोड्याफार फरकाने लागू पडते.

शोधायचे काय

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. रसायनशास्त्रात 'ॲरोमॅटिक' म्हणजे बेंझीनसारखे वलय असलेले संयुग. त्याला वास असलाच पाहिजे असे नाही. आपण येथे 'सुगंधी घटक' म्हणतो तेव्हा फुलातून हवेत उडून येणारे, नाकापर्यंत पोचू शकणारे सर्व लहान रेणू अभिप्रेत असतात, त्यांत वलय असो वा नसो. मोगऱ्यात दोन्ही प्रकारचे रेणू भरपूर आहेत. बेंझाइल ॲसिटेट, बेंझाइल अल्कोहोल, मिथाइल सॅलिसिलेट, मिथाइल अँथ्रानिलेट आणि इंडोल हे वलय असलेले. लिनालूल हे मोनोटर्पीन अल्कोहोल आणि अल्फा-फार्नेसीन हे सेस्क्विटर्पीन हे वलय नसलेले. यांच्याशिवाय सिस-३-हेक्झेनिल ॲसिटेट आणि सिस-३-हेक्झेनिल बेंझोएट हे हिरवट वासाचे एस्टरही सापडतात. सिस-जास्मोन हे नाव ऐकून अनेक जण ते मोगऱ्यात शोधू लागतात. ते चमेलीच्या, म्हणजे जास्मिनम ग्रँडिफ्लोरमच्या अर्कातले ओळखीचे संयुग आहे आणि मोगऱ्यात ते ठळकपणे मिळेलच अशी अपेक्षा धरू नये.

ही यादी पाठ करून कामाला लागणे मात्र धोक्याचे आहे, कारण मग डोळे तेवढेच शोधतात आणि अनपेक्षित शिखराला कचरा समजून सोडून देतात.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा, मग पद्धत

एकाच फुलाबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. फूल हवेत काय सोडते आहे? पाकळीत काय साठलेले आहे? आणि फुलापासून काढलेल्या अर्कात काय आहे? तिन्हींची उत्तरे वेगळी येतात आणि तिन्ही खरी असतात. मोगऱ्यात लिनालूल आणि बेंझाइल अल्कोहोल यांचा काही भाग साखरेच्या रेणूशी बांधलेल्या अवस्थेत असतो. त्या अवस्थेत तो उडत नाही, त्यामुळे त्याला वासही नसतो. फूल उमलत असताना एन्झाइम तो बंध तोडतात आणि वास मोकळा होतो. साहजिकच पाकळी वाटून काढलेल्या अर्काचे चित्र आणि फुलाभोवतीच्या हवेचे चित्र एकमेकांशी जुळत नाही.

फूल हवेत काय सोडते हे पाहायचे असेल, तर हेडस्पेस पद्धती वापरावी, म्हणजे फुलाभोवतीची हवाच गोळा करावी. साठा पाहायचा असेल, तर द्रावकाने अर्क काढावा. क्लेव्हेंजरच्या उपकरणात पाण्याबरोबर उकळून तेल काढण्याची रीत, जी १९२८ पासून प्रचारात आहे, ती कणखर पानांसाठी, बियांसाठी आणि सालींसाठी उत्तम आहे. मोगऱ्यासाठी मी ती सुचवणार नाही. तेल अत्यल्प निघते, आणि तासन्‌तास उकळताना एस्टरचे जलअपघटन होते, तर किंचित आम्लधर्मी गरम पाण्यात लिनालूलपासून अल्फा-टर्पिनिऑल आणि इतर संयुगे तयार होतात. मग आलेखावर जे दिसते ते फुलाचे नसून भांड्याचे रसायन असते.

या लेखातली मुख्य वाट हेडस्पेस एसपीएमईची, म्हणजे घन-अवस्था सूक्ष्म निष्कर्षणाची आहे. तीत सुईतून बाहेर काढता येणारा, खास थर दिलेला बारीक धागा, म्हणजे फायबर, फुलाभोवतीच्या हवेतले रेणू टिपून घेतो. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत द्रावकाशिवाय चालते आणि एकाच फुलावर वापरता येते.

दुसरी पायरी: फूल निवडणे आणि खुडणे

नमुन्याच्या वहीत प्रत्येक फुलासमोर पुढील गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: झाडाचा क्रमांक, जात किंवा प्रकार, कळी खुडल्याची वेळ, उमलण्याची अवस्था, त्या वेळचे तापमान, फुलाचे वजन, आणि खुडण्यापासून फायबर उघडेपर्यंत गेलेली मिनिटे. शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि नंतर दोन दिवसांचे निकाल जुळेनासे झाले की कारण शोधायला हाताशी काहीच उरत नाही.

उमलण्याची अवस्था शब्दांत पक्की करावी. मी चार अवस्था धरते: घट्ट मिटलेली पांढरी कळी, टोक सैल झालेली कळी, अर्धवट उमललेले फूल, आणि पाकळ्या पूर्ण आडव्या झालेले फूल. टोक सैल होण्याची खूण डोळ्यांना पटकन कळत नाही. कळी प्रकाशासमोर आडवी धरली की टोकाशी पाकळ्यांच्या कडा एकमेकींपासून केसभर सुटलेल्या दिसतात. पूर्ण उमललेल्या फुलाची तुलना अर्धवट उमललेल्या फुलाशी करून 'या प्रकारात लिनालूल कमी आहे' असा निष्कर्ष काढला, तर तो प्रकाराबद्दलचा नसतो, घड्याळाबद्दलचा असतो.

खुडताना फुलाला इजा करू नये. हिरव्या ऊतीला जखम झाली की काही मिनिटांत सिस-३-हेक्झेनॉल आणि त्याचे ॲसिटेट हवेत येतात. कापलेल्या गवताचा वास तो हाच. देठ चिमट्याने चिरडला गेल्यामुळे माझ्या सुरुवातीच्या एका संपूर्ण संचात सिस-३-हेक्झेनिल ॲसिटेटचे शिखर फुगून आले होते, आणि ते मी कितीतरी दिवस फुलाचेच वैशिष्ट्य समजत होते. धारदार पात्याने देठ एका झटक्यात कापावा, आणि कापलेल्या, फूल नसलेल्या नुसत्या देठाचाही एक नमुना चालवावा. त्या नमुन्यात दिसणारे शिखर फुलाच्या खात्यावर टाकताना दहादा विचार करावा.

किती फुले घ्यावीत हाही प्रश्न येथेच सोडवायचा आहे. एकाच फुलाची तीन वेळा तपासणी केली, तर यंत्र आणि हात किती स्थिर आहेत एवढेच कळते. झाडाझाडांतला फरक कळण्यासाठी वेगवेगळी झाडे लागतात. किमान पाच-सहा झाडे आणि प्रत्येक झाडावरून त्याच अवस्थेतील दोन-तीन फुले घ्यावीत, आणि एका झाडाच्या फुलांची सरासरी हे एकच निरीक्षण धरावे. एका झाडाची पंधरा फुले म्हणजे पंधरा स्वतंत्र नमुने होत नाहीत.

तिसरी पायरी: व्हायलमध्ये वास गोळा करणे

२० मिलिची हेडस्पेस व्हायल, म्हणजे झाकणाची छोटी काचेची बाटली, घ्यावी. काच धुऊन, उष्णतेने कोरडी करून, झाकणाशिवाय थंड केलेली असावी. झाकणाला टेफ्लॉनचा थर असलेला सिलिकॉन सेप्टम, म्हणजे सुई टोचता येईल अशी चकती, वापरावा आणि टेफ्लॉनची बाजू आत, फुलाकडे ठेवावी. ही बाजू उलटी बसली, तर सिलिकॉनमधून निघणारी सिलोक्झेन संयुगे थेट नमुन्यात मिसळतात.

फायबरचा थर कोणता असावा? फक्त पॉलिडायमिथाइलसिलोक्झेनचा, १०० मायक्रोमीटर जाडीचा थर फार्नेसीनसारख्या अध्रुवीय रेणूंसाठी चांगला; पण मोगऱ्यात अल्कोहोल, एस्टर आणि इंडोल असे सगळेच असल्याने डायव्हिनाइलबेंझीन, कार्बोक्सेन आणि पॉलिडायमिथाइलसिलोक्झेन यांचा ५०/३० मायक्रोमीटरचा मिश्र थर मला जास्त योग्य वाटतो. नवे फायबर वापरण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला तापवून स्वच्छ करावे. या मिश्र थरासाठी ते साधारण २७० अंश सेल्सिअस असते. दररोज काम सुरू करतानाही दहा मिनिटे तापवून एक कोरी, म्हणजे नमुन्याशिवायची, फेरी घ्यावी.

आता प्रत्यक्ष कृती. फुलाचे वजन करून ते अलगद व्हायलमध्ये सोडावे, पाकळ्या दुमडू देऊ नयेत. झाकण घट्ट बसवून व्हायल ३० अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवावी. मग सुई सेप्टममधून आत घालून फायबर बाहेर काढावे. फायबरचे टोक फुलाला किंवा काचेला स्पर्श करता कामा नये. ३० मिनिटांनी फायबर सुईत परत ओढून लगेच यंत्राच्या इन्जेक्टरमध्ये, म्हणजे नमुना आत सोडण्याच्या तापलेल्या तोंडात, न्यावे. तापमान ६० अंशांपर्यंत वाढवले तर शिखरे उंच येतात, हे खरे आहे आणि मोहात पाडणारेही. पण त्या तापमानाला पाकळी शिजू लागते आणि जिवंत फुलाचा वास मोजण्याचा हेतूच संपतो. जिवंत फूल बंद काचेत श्वसन करत असते, त्यामुळे ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. अर्ध्या तासाने व्हायलच्या आतल्या भिंतीवर, सहसा खांद्याच्या वळणाजवळ, बारीक दव धरलेले दिसते. ते थेंबांइतके मोठे झाले असेल, तर वेळ कमी करावी, कारण ओले झालेले फायबर प्रत्येक फेरीत वेगळे वागते.

वेळ ठरवण्यासाठी एकसारख्या फुलांवर १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांच्या फेऱ्या घेऊन पाहाव्यात. लिनालूलसारख्या हलक्या घटकांची वाढ लवकर थांबते; फार्नेसीनची बराच वेळ चालू राहते. मिश्र थराच्या फायबरवर जागा मर्यादित असल्याने वेळ फार लांबवली की जड रेणू हलक्यांना हुसकावून लावतात आणि लिनालूलचे शिखर चक्क उतरू लागते. म्हणून सर्वांत मोठ्या शिखराची वेळ न निवडता, सगळे घटक अजून वाढत्या बाजूला आहेत अशी वेळ निवडावी, आणि ती पुढे एका सेकंदानेही बदलू नये.

फुलाने तासाला किती सोडले हे हवे असेल तर

एसपीएमई तुलना उत्तम करते, पण प्रत्यक्ष उत्सर्जनाचा वेग सांगायचा असेल, तर वाहत्या हवेची हेडस्पेस पद्धत वापरावी. झाडावरच्याच फुलावर भट्टीत वापरण्याजोग्या पॉलिएस्टर फिल्मची पिशवी बांधावी, कोळशातून गाळलेली स्वच्छ हवा आत सोडावी आणि टेनॅक्स टीए हा वासाचे रेणू धरून ठेवणारा पदार्थ भरलेल्या नळीतून पंपाने बाहेर ओढावी. आत येणारी हवा बाहेर ओढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे आजूबाजूची हवा पिशवीत शिरत नाही.

हिशेब सोपा आहे, पण एक टप्पा हमखास विसरला जातो. समजा, आत ३०० मिलि प्रति मिनिट हवा जाते, नळीतून २०० मिलि ओढली जाते, आणि एका तासात नळीवर १.८ मायक्रोग्रॅम बेंझाइल ॲसिटेट मिळाले. उरलेली १०० मिलि हवा पिशवीच्या तोंडातून वासासकट निघून गेली आहे. म्हणून एकूण उत्सर्जन १.८ ला ३००/२०० ने गुणून २.७ मायक्रोग्रॅम धरावे. फुलाचे ताजे वजन ०.४५ ग्रॅम असेल, तर वेग ६.० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम प्रति तास. नळीची क्षमता अपुरी पडत नाही ना, हे पाहण्यासाठी सुरुवातीला तिच्या मागे दुसरी नळी जोडावी. दुसरीवर घटक सापडू लागले, तर वेळ किंवा प्रवाह कमी करावा. फुलाशिवायची रिकामी पिशवी याच वेळी, याच जागी चालवणे बंधनकारक समजावे.

पाकळीतला साठा पाहायचा असल्यास फूल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, वितळू न देता वाटावे, आणि पूड थंड असतानाच अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी मोजून घातलेले संयुग) मिसळलेल्या द्रावकात टाकावी. वितळू दिले की एन्झाइम जागे होतात आणि साखरेशी बांधलेला साठा मोकळा वास म्हणून मोजला जातो. हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेन दोन्ही चालतात. मात्र दोन्हींत पाकळीवरचे मेण उतरते आणि आलेखाच्या शेवटी लांब साखळीच्या अल्केनची, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांची, रांग लागते. अर्क निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडा करावा आणि आटवताना कधीही पूर्ण कोरडा होऊ देऊ नये; हलके घटक द्रावकाबरोबरच जातात. द्रव नायट्रोजन आणि हे द्रावक दोन्ही वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), चष्मा आणि योग्य हातमोजे घालूनच हाताळावेत.

चौथी पायरी: जीसी-एमएसची मांडणी

सुरुवातीसाठी ३० मी लांब, ०.२५ मिमी आतील व्यास आणि ०.२५ मायक्रोमीटर थराचा, ५ टक्के फिनाइल असलेला अध्रुवीय कॉलम घ्यावा. हेलियमचा प्रवाह १ मिलि प्रति मिनिट, इन्जेक्टर २५० अंशांवर, स्प्लिटलेस, म्हणजे नमुना न विभागता कॉलममध्ये सोडणारा. फायबरसाठी ०.७५ मिमी व्यासाचा अरुंद लायनर, म्हणजे इन्जेक्टरमधली काचेची नळी, वापरावा. रुंद लायनरमध्ये सुरुवातीची शिखरे पसरतात. ओव्हन ५० अंशांवर २ मिनिटे, मग दर मिनिटाला ४ अंशांनी २४० पर्यंत, आणि तेथे ५ मिनिटे. मास स्पेक्ट्रोमीटर ७० इलेक्ट्रॉनव्होल्टवर, आयन स्रोत २३० अंशांवर, आणि ३५ ते ३५० हा वस्तुमानाचा पल्ला. दिवसाच्या सुरुवातीला ट्यूनिंग करताना १८, २८ आणि ३२ या पाणी आणि हवेच्या आयनांकडे, म्हणजे विद्युतभारित कणांकडे, पाहावे; २८ चढलेला असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय एकही फूल खुडू नये.

फेऱ्यांचा क्रम असा ठेवावा: फायबरची कोरी फेरी, रिकाम्या व्हायलची फेरी, देठाची फेरी, अल्केनचे मिश्रण (पाचव्या पायरीतल्या निर्देशांकासाठी), मग फुले यादृच्छिक क्रमाने, आणि दर पाच-सहा फुलांनंतर पुन्हा एक कोरी फेरी. एका प्रकाराची सगळी फुले सकाळी आणि दुसऱ्याची दुपारी चालवली, तर प्रकारांतला फरक आणि फायबर थकल्याचा फरक वेगळा करता येत नाही.

कोऱ्या फेऱ्यांमध्ये काय दिसते ते एकदा नीट पाहून ठेवावे. ७३, १४७, २०७ आणि २८१ हे आयन घेऊन येणारी शिखरे सिलोक्झेनची, म्हणजे सेप्टम, कॉलम किंवा फायबरची असतात. १४९ हा ठळक आयन थॅलेटचा, प्लॅस्टिकमधून आलेला. हाताला लावलेले सुवासिक क्रीम किंवा साबण हा त्याहून फसवा शत्रू आहे, कारण त्यात लिनालूल आणि बेंझाइल ॲसिटेट हेच घटक असू शकतात आणि ते फुलाचेच वाटतात. या कामाच्या दिवशी प्रयोगशाळेत कोणीही अत्तर लावून येऊ नये, हा नियम मी तरी आग्रहाने पाळते.

पाचवी पायरी: शिखराला नाव देणे

ही या कामातली सर्वांत जबाबदारीची पायरी आहे, आणि संगणकाने सुचवलेले पहिले नाव उचलून ती उरकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नाव पक्के होण्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत: वस्तुमानाचा वर्णपट आणि धारणा निर्देशांक.

धारणा निर्देशांकाची कल्पना कोवाट्स यांनी १९५८ मध्ये मांडली, आणि तापमान चढत असलेल्या ओव्हनसाठी तिचे सरळ रेषेतले रूप व्हॅन डेन डूल आणि क्राट्झ यांनी १९६३ मध्ये दिले. अल्केनचे मिश्रण त्याच कार्यक्रमावर चालवायचे आणि आपले शिखर कोणत्या दोन अल्केनच्या मध्ये, किती अंतरावर येते ते मोजायचे. समजा, अकरा कार्बनचा अल्केन १३.४२ मिनिटांना आला, बारा कार्बनचा १५.८६ ला, आणि अनोळखी शिखर १५.०० ला. पहिल्यापासूनचे अंतर १.५८, दोन अल्केनमधले अंतर २.४४, भागाकार ०.६४८. निर्देशांक झाला १०० गुणिले ११.६४८, म्हणजे सुमारे ११६५. आता वर्णपट पाहावा: १०८ आणि ९१ उंच, ४३ ठळक, आणि १५० वर रेणूचा मूळ आयन. बेंझाइल ॲसिटेटचा निर्देशांक या प्रकारच्या कॉलमवर याच परिसरात असतो आणि त्याचे रेणुवस्तुमान १५० आहे. दोन्ही साक्षी जुळल्या.

मोगऱ्यातल्या इतर ओळखीच्या घटकांच्या खुणाही सांगून ठेवते. लिनालूल ११०० च्या अगदी जवळ येते आणि ७१ व ९३ हे त्याचे मोठे आयन. १५४ चा मूळ आयन जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तो नाही म्हणून लिनालूल नाकारू नये. मिथाइल सॅलिसिलेट ११९० च्या आसपास, १२०, ९२ आणि १५२ घेऊन. इंडोल १२९० ते १३०० च्या दरम्यान, आणि त्याचा ११७ हाच मूळ आयन सर्वांत उंच, सोबत ९० आणि ८९. मिथाइल अँथ्रानिलेट १३४० च्या आसपास, ११९ आणि १५१. अल्फा-फार्नेसीन १५०५ च्या पुढे-मागे, ९३, ६९ आणि ४१. सिस-३-हेक्झेनिल बेंझोएट १५७० च्या जवळ, १०५ सर्वांत उंच, सोबत ८२ आणि ६७.

सेस्क्विटर्पीनच्या बाबतीत विशेष सावध राहावे. सुमारे १४०० ते १५५० या पट्ट्यात २०४ रेणुवस्तुमानाची कितीतरी संयुगे गर्दी करतात आणि त्यांचे वर्णपट एकमेकांसारखे असतात. वर्णपटांच्या संग्रहाने पहिल्या नावाला ९५ आणि दुसऱ्याला ९४ गुण दिले, तर तो निकाल नसतो, ती अनिश्चितता असते. अशा वेळी 'वॅक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ध्रुवीय थराच्या दुसऱ्या कॉलमवर निर्देशांक काढावा. अध्रुवीय कॉलमवर जोडीने येणारे रेणू तेथे बहुधा वेगळे होतात. शक्य तेथे शुद्ध प्रमाणित संयुग आणून त्याच यंत्रावर चालवावे. २००७ मध्ये मेटाबोलोमिक्स स्टँडर्ड्स इनिशिएटिव्हने ओळखीच्या पातळ्या सुचवल्या. त्यांनुसार शुद्ध संयुगाशी दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले तरच पहिली पातळी, आणि केवळ संग्रहाशी किंवा प्रसिद्ध आकड्यांशी जुळले तर दुसरी. अहवालात प्रत्येक नावापुढे ही पातळी लिहावी.

लिनालूलचे दोन आरसा-प्रतिमा रूप आहेत आणि त्यांचा वास नाकाला वेगळा जाणवतो. साधा कॉलम त्यांना वेगळे करत नाही. त्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिनचा थर असलेला कॉलम लागतो. 'लिनालूल' एवढेच लिहिले असेल, तर कोणते रूप हे तपासलेले नाही, असा त्याचा अर्थ वाचकाने घ्यायचा असतो. तो स्पष्ट लिहिला तर अधिक बरे.

सहावी पायरी: किती आहे ते मोजणे

शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी काढणे सोपे आहे, म्हणून ती सर्वत्र दिसते. एसपीएमईच्या बाबतीत मात्र 'फुलात ३० टक्के लिनालूल आहे' असे विधान करता येत नाही. फायबर प्रत्येक रेणूला वेगवेगळ्या ओढीने धरते आणि डिटेक्टर प्रत्येकाला वेगळा प्रतिसाद देतो. त्यामुळे मिळते ते फायबरवरचे प्रमाण. शिवाय टक्केवारीत एका घटकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटतो, मग ते प्रत्यक्षात तेवढेच राहिलेले असोत.

खरे प्रमाण हवे असेल, तर फुलात नसलेले एखादे संयुग, उदाहरणार्थ नोनिल ॲसिटेट, मोजून अंतर्गत प्रमाण म्हणून मिसळावे. ते फुलात नाही ना, हे आधी कोऱ्या फुलावर तपासावे. मग प्रत्येक महत्त्वाच्या घटकाच्या शुद्ध संयुगाची किमान पाच बिंदूंची आलेखरेषा, म्हणजे ज्ञात प्रमाणाला किती क्षेत्रफळ येते ते दाखवणारी रेषा, काढावी, आणि फुलांचे सर्व आकडे त्या रेषेच्या दोन टोकांच्या आत येतात याची खात्री करावी. शिखराची उंची पार्श्वभूमीच्या गोंधळाच्या तिप्पट असेल तर 'आहे' म्हणता येते. आकडा द्यायचा असेल तर ती सुमारे दहापट असावी. इंडोलचे शिखर मागे शेपूट सोडत असेल, तर लायनर मळलेला आहे. तो बदलल्याशिवाय इंडोलचे आकडे वापरू नयेत.

नाकाची साक्ष

मोठे शिखर म्हणजे मोठा वास, हे समीकरण चुकीचे आहे. काही रेणू अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, काही भरपूर असूनही जेमतेम. हे वेगळे करण्यासाठी कॉलमच्या शेवटी प्रवाह दुभागून अर्धा डिटेक्टरकडे आणि अर्धा ओलसर हवेसोबत एका काचेच्या नळकांड्याकडे नेतात, आणि तेथे बसलेली व्यक्ती वास आला की वेळ आणि वर्णन नोंदवते. एका बैठकीत २५-३० मिनिटांपेक्षा जास्त वास घेऊ नये. नाक थकते आणि शेवटचे घटक हुकतात. किमान तीन जणांनी, एकमेकांच्या नोंदी न पाहता, हे करावे.

इंडोलची वेळ जवळ येते तेव्हा हा प्रयोग विशेष लक्षात राहतो. घट्ट प्रमाणात त्याचा वास कुबट, डांबराच्या गोळ्यांची आठवण करून देणारा असतो. तोच नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा हुंगला की त्याच मिनिटाला फुलाची ऊब जाणवते. म्हणून वर्णनासोबत पातळीकरण लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर एकाच संयुगाची दोन परस्परविरोधी वर्णने तक्त्यात येतात आणि वाचणारा चक्रावतो.

अहवालात काय असावे

तक्त्यात प्रत्येक घटकासाठी नाव, मोजलेला निर्देशांक, तुलनेसाठी घेतलेला निर्देशांक, ओळखीची पातळी, सरासरी आणि प्रमाण विचलन, आणि किती झाडांवर तो सापडला ही संख्या द्यावी. ओळख न पटलेली शिखरे गाळू नयेत. 'अनोळखी, निर्देशांक १४५८, आयन ९३, ६९, १६१' अशी ओळ पुढच्या संशोधकाला उपयोगी पडते, आणि अंदाजाने दिलेले नाव मात्र त्याची दिशाभूल करते. सापडला नाही अशा घटकापुढे शून्य न लिहिता 'मोजमाप-मर्यादेखाली' असे लिहावे. कोऱ्या, रिकाम्या व्हायलच्या आणि देठाच्या फेऱ्यांचे आलेख परिशिष्टात जोडावेत, आणि कच्च्या फाइली नमुन्याच्या वहीतल्या क्रमांकानेच साठवाव्यात, म्हणजे एखाद्या शिखराबद्दल नंतर शंका आली, तर ते फूल कोणत्या झाडावरून, कोणत्या वेळी खुडले होते इथपर्यंत मागे जाता येते.